कालव्यातले भाऊबंद

सुरतेतली आमची पांडेसऱ्याची खोली बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद होती. मागच्या बाजूला चार फुटांचा स्वयंपाकाचा पट्टा. एवढ्या जागेत पाच माणसं, एक पलंग, एक लोखंडी कपाट, मायचं शिलाई मशीन आणि अठ्ठ्याऐंशी लिटर पाणी राहत असे. पाण्याचा आकडा मी स्वतः काढलेला आहे. टाकी तीस इंच लांब, पंधरा इंच रुंद, आणि वरचे तीन इंच मोकळे सोडून बारा इंच भरलेली. शाळेत घनफळ शिकवलं त्या दिवशी घरी येऊन मी दप्तर ठेवायच्या आधी पट्टी घेतली. मोठ्या अभिमानाने मायला उत्तर सांगितलं, तर ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "म्हणजे सहा बादल्या. तितलामा मन्हा घरना दोन दिनना कपडा निंघतस." आमच्या घरात अहिराणी चाले, शाळेत मराठी, नळावर गुजराती आणि मिलच्या दारात हिंदी. पाण्यावरून भांडण मात्र चारही भाषांत होई.

टाकी माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची. नाना कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसच्या बॉयलरवर कामाला होते. त्यांनी लोखंडी अँगलची चौकट मिलमधल्या वेल्डरकडून जोडून घेतली, एका दुकानाच्या फुटलेल्या शोकेसची काच कापून आणली आणि फटी लांबीने, म्हणजे काचेला लावतात त्या पुट्टीने, भरल्या. पहिल्यांदा भरली तेव्हा टाकी तीन कोपऱ्यांतून गळली. दुसऱ्यांदा एका. त्या एका कोपऱ्याखाली पुढे कायम एक वाटी ठेवलेली असे आणि त्या वाटीतलं पाणी माय तुळशीला घाली. हवेचा पंप विकत मिळे, पण नानांना विकतची वस्तू म्हणजे स्वतःचा अपमान वाटे. त्यांनी स्कूटरची जुनी ट्यूब भिंतीला टांगली, तिला दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची नळी जोडली आणि सायकलच्या पंपाने ट्यूब भरली. नळीवरचं चाक किंचित सोडलं की टाकीच्या तळातून बारीक बुडबुडे निघत. शेजारच्या गाळ्यात दिवसभर लूमची खडखड चाले, त्यामुळे आम्हाला ते ऐकू येत नसत. आठवड्याच्या सुटीला वीज बंद झाली, लूम थांबले, की एकदम घरात कुणीतरी हळू आवाजात बोलू लागल्यासारखं वाटे. पाहुणे दचकत. भिंतीवर ट्यूब, तिला सलाईन, खाली पाणी. एका दूरच्या मामांनी तर आत येताच विचारलं होतं, "कोन आजारी शे?"

मासे कालव्यातले. भेस्तानच्या पुढे तेव्हा शेतं होती आणि शेतांना पाणी देणारा कालवा होता. वर्षातून एकदा तो साफसफाईला बंद करत. पाणी उतरलं की तळाशी डबकी राहत आणि डबक्यांत मासे अडकत. आजूबाजूची पोरं ते टोपल्याने भरून नेत. नाना सुटीच्या दिवशी सायकलला जेवणाचा डबा अडकवून जात आणि पोरांनी सोडून दिलेले बारीक मासे डब्यात घेऊन येत. खवल्या, रुपेरी अंगाच्या, शेपटीजवळ काळा ठिपका असलेल्या. काचेसारखे आरपार दिसणारे दोन, ज्यांचा काटान्काटा मोजता येई आणि मी तो मोजला होता. आणि एक वाम, वीतभर लांब, बोटापेक्षा बारीक, दिवसभर वाळूत नाक तेवढं बाहेर काढून पडलेली. बाजारात तेव्हा लालकेशरी शोभेचे मासे पिशवीत बांधून मिळत. मी एकदा मागितले, तर नाना म्हणाले, "रंग माले मिलमा रोज दिखतस. खाडी आज लाल, सकाय निळी. घरमा तरी बिनरंगनं काही राहू दे." शेजारच्या सविताबेन पहिल्यांदा टाकी बघायला आल्या तेव्हा बराच वेळ निरखून त्यांनी विचारलं, "आ माछली खावानी छे के जोवानी?" नाना म्हणाले, जोवानी, बघायची. सविताबेनना खात्री पटली नाही. आमच्याकडे कधी लसणाची फोडणी पडली की त्या दारातून डोकावत आणि आधी टाकीकडे नजर टाकून मग मायशी बोलत.

आता घरातलं पाचवं माणूस. माय, नाना, मी आणि माझा धाकटा भाऊ दिलीप हे चार. पाचवी आमची फुई, नानांची थोरली बहीण. नानांपेक्षा ती बारा वर्षांनी मोठी. आजी शेतात जाई तेव्हा नानांना कडेवर घेऊन फिरणारी तीच. लग्न झालं, नवरा लवकर गेला, सासरी जागा उरली नाही, तेव्हा नानांनी तिला सुरतेला आणलं. मी तेव्हा इतकी लहान होते की फुई नसलेलं घर मला आठवतच नाही. ती उंच, काटक, आवाजाने मोठी आणि मताने त्याहून मोठी. भांडी कोणत्या क्रमाने घासायची, अंथरुणाची कोणती बाजू उशाला, दिवा लावताना कुणी कुठे बसायचं, सगळ्याची रीत तिच्याकडे तयार असे. माय तिला मान देऊन टोमणे मारी आणि ती मायला टोमणे मारून मान देई. दोघींचं छान जमलेलं होतं, फक्त बाहेरच्याला ते भांडण वाटे.

टाकी फुईच्या डोळ्यांत सलत असे. "मानसले प्यावाले पानी नही आन् भिकानं मासासना बंगला बांधा," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. भिका म्हणजे नाना. टाकीजवळून जाताना ती पदर आवरून घेई, जणू खवली उडी मारून पदर ओढणार आहे. मी मात्र माझ्या परीने एक गोष्ट टिपून होते. नाना सकाळी चिमूटभर कणीक टाकत आणि वामेसाठी दोन दिवसांआड एखादं गांडूळ. चिमटीच्या मानाने खवल्या फार वाढत होत्या. काचेला पट्टी लावून मी त्यांची लांबी घेई. आल्या तेव्हा दीड इंच होत्या, वर्षभरात अडीचच्या पुढे गेल्या, आणि जाडीचं तर विचारूच नका. मी नानांना म्हटलं, की खाणं आणि वाढ यांचा मेळ बसत नाही. नाना खूष होऊन म्हणाले, "प्रेमानं दिधेलं अंगे लागस." मी ते उत्तर मान्य केलं नव्हतं, पण माझ्याकडे दुसरं नव्हतं.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसवतात. आमच्या चाळीतही दर वर्षी कुणा ना कुणाकडे बसे. त्या वर्षी मायने नवस बोललेला होता, म्हणून ती आमच्याकडे यायची होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाईचं जे मुख्य अन्न, त्याला रोट म्हणतात, आणि देवी कुणाकडेही बसली तरी ते दर वर्षी घरोघरी होतात. दर घराची रीत थोडी निराळी, आमची अशी: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आधी बाजूला काढायचे, मग वर घराला पुरतील तेवढे घालायचे, दळायचे आणि ते पीठ गुळाच्या पाण्यात मळून जाडसर रोट भाजायचे. आमच्या घरी पुरुष दोन. सव्वा दुणे अडीच मुठी. बायकांच्या नावाने मूठ नाही. मी एकदा कारण विचारलं, तर फुई म्हणाली, "बाई खास ते मोजतस का कधी?" हे रोट राखी पौर्णिमेच्या आत संपवायचे आणि ते फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. कण बाहेर जाता कामा नये. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, गाईलासुद्धा नाही. आणि लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेल्या लेकीला नाही.

म्हणजे फुईला नाही. ती आमच्या घरात झोपे, उठे, आमच्यावर ओरडे, पण रोटाच्या दिवसांत स्टोव्हच्या कडेला स्वतःची ज्वारीची भाकर वेगळी थापून वेगळी बसून खाई. गंमत अशी, की रीत सर्वांत कडक पाळणारी तीच. स्वयंपाकाच्या पट्ट्याच्या उंबऱ्याबाहेर बसून ती आत मायला मापं सांगे: पाणी इतकं, गूळ इतका, आच इतकी. "मन्ही माय असंच करे," हे तिचं शेवटचं वाक्य, त्यावर अपील नाही. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या आसपास आलं आहे आणि मला वाटतं, घरात आपली जागा नक्की कोणती हे ज्याला विचारायची सोय नसते, तो घराचे नियम सांभाळायला घेतो. तेव्हा मला ती फक्त खाष्ट वाटे.

कानबाईच्या आधीच्या आठवड्यात तिने जाहीर केलं, "देवी बसनार ते घरमा मासा नही पाहिजे."

नाना जेवत होते. ते म्हणाले, "आक्का, आपन त्या खातस का? त्या तं नुसता पोहतस."

"पोहनारा मासा काय शाकाहारी व्हस?"

"खवली शाकाहारीच शे. कणीक खास."

"आन् ती लांबी? तीबी कणीक खास का?"

वामेचं गांडूळ सगळ्यांना माहीत होतं. माय भाकरी उलटत म्हणाली, "तिले श्रावण धराले सांगा." नानांनी ते खरंच मनावर घेतलं. वाम बरेच दिवस न खाता राहू शकते असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्यांनी लगेच कबूल केलं, की वाम उपवास धरेल, टाकीवर चादर टाकू, आणि देवी समोरच्या भिंतीला बसवू. "टाकी हालवता येत नही, आक्का. मंगलना हिशेब शे, नुसतं पानी अठ्ठ्याऐंशी किलो." मी मान डोलावली. फुईने मला एक नजर दिली, की मोठी हिशेब करणारी आली. मग तिने असं काही मागितलं की नानांचा घास हातातच राहिला.

"चादर टाक. रोट संपेपावत राहू दे. पन यंदा राखीनी ओवाळणी म्हनीसन माले हाईच दे. पुनीव व्हयनी का त्या कालवामा सोडी ये."

बहिणीने ओवाळणी मागितली आणि भावाने नाही म्हटलं, हे आमच्याकडे होत नाही. नाना "बरं" म्हणाले आणि हात धुवायला उठले. नंतर दाराबाहेर बसून ते मला म्हणाले, की कालवा आता भरून वाहतोय, त्यात मोठाले मासे आहेत, काठावर बगळे आहेत. आणि या तर घरात वाढलेल्या, हात दिसला की पळायच्या ऐवजी जवळ येतात. "सोडलं ते पहिलाच बगळाले वाटी, जेवन वाढं." एवढं बोलून त्यांनी विडी पेटवली. बॉयलर फुटला तरी ज्यांचा आवाज चढला नसता असा माणूस. त्या दिवशी त्यांचा आवाज उतरलेला होता.

कानबाई थाटात बसली. नारळाला डोळे-नाक काढून, नथ घालून, नवं लुगडं नेसवून चौरंगावर. चाळीतल्या बायका खोलीत अशा दाटीने बसल्या होत्या की टाळी वाजवायला कोपर उचलणंही अवघड. गाणी सुरू झाली. गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचा आणि खिरीचा वास, उदबत्तीचा धूर, आणि पाठीमागे चादरीखाली आमचा पाण्याचा चौकोन. एक जाड्या काकू त्याला कपड्यांची पेटी समजून निवांत टेकून बसल्या आणि नानांनी गाण्याची सगळी वेळ त्यांच्या पाठीकडे बघत उभ्याने काढली. लांबीचा जोड किती वजन सोसतो, हे त्यांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत देवी तापीवर गेली. चौरंग उचलला गेला, खोली पुन्हा बारा बाय दहा झाली. चादर मात्र फुईच्या हुकमाने राहिली; रोट अजून संपायचे होते.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे तो त्यानंतर लगेच आला. दुपार होती. नाना पहिल्या पाळीला गेलेले. माय, मी आणि दिलीप रोट खायला बसलो होतो आणि फुई आमच्या समोर पहाऱ्याला. कण खाली पडू द्यायचा नाही, म्हणून ती प्रत्येकाचं ताट स्वतः तपासे आणि ताटात राहिलेला चुरा तळहातावर गोळा करून आमच्यापैकी कुणाला तरी खायला लावी. दिलीपने ताटात भरपूर चुरा ठेवला आणि खेळायला पळाला. फुईने तो गोळा केला आणि दाराकडे तोंड करून त्याला बोलू लागली: "खाताना ध्यान नही. बाप बी असाच व्हता. अर्धं पोटमा, अर्धं भोयवर..." बोलत बोलत ती उठली. चार पावलांवर टाकी. तोंड दाराकडेच, जीभ दिलीपवरच, आणि डाव्या हाताने तिने चादरीचा कोपरा असा सहज उचलला, जसा आपण रोजच्या खिडकीचा पडदा उचलतो. उजव्या हाताने चुरा पाण्यात सोडला. बोटं झटकली. पदराला पुसली.

टप्. टप्टप्. खवल्या वर येऊन खाऊ लागल्या. त्या आधीच त्या कोपऱ्यात जमलेल्या होत्या, रांगेने, शाळेच्या घंटेला पोरं जमतात तशा.

मायचा घास थांबला. माझाही.

"आक्का," माय म्हणाली, "काय टाकं?"

"कोठे काय? पानी देखं. गढूळ व्हई गयं."

"पानी देखाले हात ओला करना पडस?"

फुईने हात पाठीमागे घेतला.

"कवयपासून चाली ऱ्हायनं हाई?"

"मन्हा वाटानी भाकर व्हती ती," फुई एकदम फणकारली. "मी मन्हा घासमाईन टाकस. कोना बापनं काय जास?"

माझा वर्षभराचा मेळ त्या क्षणी बसला. खाणं दोन ठिकाणांहून येत होतं. मला इतका आनंद झाला की मी ते मोठ्याने म्हणणार होते, पण मायने माझ्या मांडीवर चापटी मारली. ती फुईकडे बघत होती, आणि हसायचं विसरून हळू म्हणाली, "आक्का, आज ती भाकर नव्हती."

फुईने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. गुळाचा चिकटपणा अजून बोटांना होता. ती जागच्या जागी खाली बसली. "मंगे," ती मला म्हणाली, "काढ ते. काढ लवकर." मी चादर वर केली. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. खवल्यांनी सगळं संपवलं होतं. एक काचमासा शेवटचा कण तोंडात धरून फिरत होता आणि तो आरपार असल्यामुळे रोट कुठपर्यंत पोहोचला तेही दिसत होतं. हे मी फुईला सांगितलं नाही.

मी फुईला तोवर रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. पण भिंतीला टेकून ती तशीच बसून राहिली. देवी घरात बसलेलं वर्ष, आणि तिच्याच हाताने रोट कुळाबाहेर गेला. तिने आमच्या भाकरीला, भांड्याला, अंथरुणाला जे जे नियम लावले होते ते सगळे जणू तिच्यासमोर येऊन उभे होते. मायने दोनदा हाक मारली, तरी ती स्वतःची भाकर थापायला उठली नाही.

नाना आले. मायने त्यांना नळाजवळच गाठून सगळं सांगितलं. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी साबणाने हात धुतले, मग पुन्हा धुतले, आणि ते हसू दाबतायत की काय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आत येऊन ते फुईसमोर मांडी घालून बसले.

"आक्का, रोट कोन खास?"

"कुळना मानसं." तिने वर बघितलं नाही.

"बाहेरनासनी खादा ते चालस?"

"नही चालत. तुले ठाऊक शे."

"मंग आते दोनच गोष्टी व्हवू शकतस. एक तं तुन्ही चूक व्हयनी..."

फुईची मान ताठ झाली. इतक्या वर्षांत तिची चूक झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, तीही नाही.

"...नही तं त्या बाहेरना नहीत."

शेजारी लूम चालू होते. फुई टाकीकडे बघत राहिली. मग खाकरून, अगदी निकाल देणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "आपला पानीना शेतस. आपला घरनी कणीक खातस."

"म्हणजे भाऊबंद."

"तसंच समज."

"मंग आक्का, भाऊबंदले कालवामा कोन सोडस? ओवाळणी काही दुसरी माग."

फुईने त्यांच्याकडे असं बघितलं की लहानपणी तिने त्यांना कितीदा धोपटलं असेल याचा मला अंदाज आला. पण ती काही बोलली नाही, आणि फुई काही बोलली नाही याचा अर्थ आमच्या घरात "हो" असा होई. नाना उठले आणि त्यांनी टाकीवरची चादर ओढून काढली, घडी घातली, पलंगावर ठेवली. वाम वाळूतून नाक बाहेर काढून बघत होती. तिचा उपवास अजून सुटायचा होता.

एवढ्यावर ते संपलं असतं. आम्हाला वाटलं संपलंच. पण माय स्वयंपाकाच्या पट्ट्यात होती आणि तिथून भांड्याचा आवाज येत होता. ती एक ताट घेऊन बाहेर आली, त्यात एक रोट, वर तूप, कडेला गंगाफळाची भाजी. ते तिने फुईच्या पुढ्यात ठेवलं. जोरात ठेवलं, मायला हळू ठेवता येत नसे.

"हाई काय?" फुई म्हणाली.

"रोट."

"सुमन, येडी व्हयनी का? मी परकी शे. रीत शे."

"रीत तं मासासले बी व्हती," माय म्हणाली. "कालवामाईन उनेला मासा भाऊबंद, आन् हाई घरमा जल्मेली आंडेर परकी? मंगलले इचारा, तिले हिशेब येस. बसस का हिशेब?"

आंडेर म्हणजे लेक. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पंधरा वर्षांची होते आणि मला पहिल्यांदाच घरातल्या मोठ्या गोष्टीत मत विचारलं गेलं होतं. मी म्हटलं, "नही बसत." मला आणखी काही म्हणायचं होतं, पण सुचलं नाही, आणि आता वाटतं ते बरंच झालं. पुढे माझं लग्न होऊन मी भेस्तानला आले. माझ्या दिवाणखान्यात आज टाकी आहे, न गळणारी, आणि तिच्यात खवल्याच आहेत. श्रावणात दिलीप रोटाचा डबा घेऊन माझ्या दारात येतो. तो कुणाला विचारत नाही आणि मी कुणाला सांगत नाही. ज्यांच्या घरी अजून रीत कडक आहे त्यांना मी काही शिकवायला जात नाही. प्रत्येकाने आपापल्या घरचा हिशेब बघावा.

त्या दिवशी फुई ताटाकडे बघत बसली. तिने शेवटचा रोट खाल्ला तो लग्नाआधी, आपल्या आईच्या हातचा. त्यानंतर किती श्रावण गेले याचा हिशेब मी तेव्हा मनात करायला घेतला आणि सोडून दिला. नाना म्हणाले, "खाय, आक्का. मासा बी देखी ऱ्हायनात." ती त्यांच्यावर खेकसली, "तोंड तिकडे करा सर्वाजन." आम्ही तोंडं फिरवली. मी टाकीच्या काचेत बघत होते. काचेत सगळी खोली दिसे. तिने ताट थोडं जवळ ओढलं, रोटाचा तुकडा मोडला, तुपाला लावला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावू लागली. बराच वेळ चावला. मग डोळे उघडले आणि कपाळाला आठी पडली.

"सुमन."

"काय व्हयनं?"

"हाई इतलं गोड कसाले?"

माय गर्रकन वळली. "तुम्हीच तं सांगतस, आक्का! दर वरीसले उंबरामा बशीसन. आखो गूळ टाक, आखो टाक, मन्ही माय असंच करे."

"मन्ही माय इतलं गोड कवयच करे ना." फुई आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघू लागली. "आन् तुम्ही असंच खातस? इतला वरीसथीन?"

नानांनी कबूल केलं, की हो, खातो. मीही कबूल केलं.

"आन् कोनी सांगं नही? तोंड नव्हतं का तुमले?"

माय पदर तोंडात कोंबून पट्ट्यात पळाली आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येऊ लागला. फुईने मान हलवली, जणू हे घर तिच्याशिवाय कसं चालायचं हा प्रश्नच आहे. उरलेला रोट तिने भाजीशी खाल्ला, ताटातला चुरा बोटाने टिपून संपवला, आणि रिकामं ताट पट्ट्याच्या दिशेने सरकवून दुसरा मागितला.